सिग्नलच्या खांबावरचे दोन कॅमेरे: एक गाड्या मोजतो, दुसरा नंबर वाचतो

चौकात कॅमेरा दिसला की हात आपोआप हेल्मेटच्या पट्ट्याकडे जातो. पण ठाण्या-नवी मुंबईतल्या खांबांवरचा प्रत्येक कॅमेरा चलान फाडणारा नसतो. ‘एआय कॅमेरा’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं येतात. एक सिग्नलची वेळ गर्दीप्रमाणे बदलतं, म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह सिग्नल. दुसरं नियम मोडणाऱ्या गाडीचा नंबर टिपतं, म्हणजे ई-चलानचा कॅमेरा. (घुमटासारखे गोल फिरणारे कॅमेरे बहुधा नुसत्या देखरेखीचे असतात, ते इथे बाजूला ठेवू.) दोन्हींत गल्लत झाली की तक्रार चुकीच्या दारात जाते.

आधी मोजणारा. तो उंचावर बसवतात आणि त्याची नजर रुंद असते, कारण त्याला थांबारेषेपासून मागे शक्य तितकी लांब रांग दिसायला हवी. चित्रात रस्त्यावर काल्पनिक चौकोन आखलेले असतात. चौकोनात वाहन शिरलं की नोंद होते: दुचाकी, रिक्षा, कार, बस. गाडी कोणाची, हे त्याला कळण्याची गरजच नाही. पूर्वी हेच काम डांबरात खाच पाडून पुरलेली तारेची वेटोळी, म्हणजे लूप, करायची. रस्ता खणला किंवा वर नवा थर चढला की लूप तुटायचा, आणि आपल्याकडे रस्ता किती वेळा खणला जातो ते घोडबंदर रोडवाल्यांना सांगायला नको.

आता हिशेब जवळून पाहू. सगळी वाहनं ‘पीसीयू’ (पॅसेंजर कार युनिट) या एकाच मापात मोजतात. एक कार म्हणजे १ पीसीयू. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत शहरी रस्त्यांसाठी दुचाकी ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २ आणि बस-ट्रक २.२ ते ३.७ धरले आहेत. रस्त्यावर त्या वाहनाचं प्रमाण वाढलं की आकडाही वाढतो. हिरवा दिवा असताना रस्त्याच्या दर मीटर रुंदीमागे तासाला ५२५ पीसीयू सुटतात, असं एक जुनं आणि अजून वापरातलं सूत्र आहे. ७ मीटरच्या रस्त्याला ३,६७५, म्हणजे सेकंदाला साधारण एक. ३० सेकंद हिरवा दिला तर सुरुवातीचे दोन-तीन सेकंद गाड्या हलण्यात जातात आणि २७-२८ पीसीयू निघतात. रांगेत ४० उभे असतील तर १२ उरणार. यंत्र पुढच्या फेरीत (सगळ्या बाजूंना एकदा हिरवा मिळाला की एक फेरी) कमी गर्दीच्या बाजूचे काही सेकंद काढून इकडे देतं. कुठल्याही बाजूला ठरावीक किमान वेळेपेक्षा कमी आणि कमाल वेळेपेक्षा जास्त द्यायचं नाही, ही मर्यादा माणूस घालून देतो. सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने आपल्या मिश्र वाहतुकीसाठी बनवलेली ‘कोसिकॉस्ट’ ही पद्धत याच जातीची.

मग असा सिग्नल बसवूनही कोंडी का राहते? एका फेरीची लांबी काढायचं, वेबस्टर या वाहतूक-तज्ज्ञाचं सूत्र बघा: दिवे बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट अधिक ५, भागिले (१ वजा रस्त्याच्या क्षमतेपैकी वापरलेला वाटा). चार फेजच्या, म्हणजे आळीपाळीने चार वेळा हिरवा देणाऱ्या, चौकात १६ सेकंद वाया जातात असं धरू. क्षमतेचा ०.७५ वाटा वापरला जात असेल तर फेरी ११६ सेकंदांची येते. तोच वाटा ०.९ झाला की २९० सेकंद, म्हणजे जवळजवळ पाच मिनिटं. एवढा वेळ लाल दिव्यापाशी कोणी थांबणार नाही. क्षमता संपली की सेकंद इकडचे तिकडे करून रस्ता वाढत नाही. त्यातही ठाण्यात माजिवडा-कापूरबावडीच्या बाजूला पुढचा रस्ताच तुंबलेला असेल तर हिरवा देऊन गाड्या चौकाच्या पोटात अडकतात. म्हणून चौकात येणारी रांग मोजणं पुरत नाही, बाहेर पडायच्या तोंडालाही एक नजर लागते. नेमका हा खर्च वाचवला जातो आणि मग दोष यंत्राला.

पायी चालणाऱ्यांबद्दल आग्रहाने सांगायला हवं. १८ मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने ओलांडायला १५ सेकंद लागतात. आजी-आजोबांचा वेग ०.९ धरला तर २०. रांग मोजणाऱ्या कॅमेऱ्याला फुटपाथवरची गर्दी दिसत नाही. तेवढे सेकंद किमान वेळेत पक्के बसवलेच पाहिजेत.

आता नंबर वाचणारा. याची नजर अरुंद, एका-दोन लेनवर खिळलेली. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. शटर १/५० सेकंद उघडं राहिलं तर गाडी तेवढ्यात ३३ सेंटिमीटर सरकते आणि पाटी फरफटलेली दिसते. १/१००० ठेवलं तर सरकणं पावणेदोन सेंटिमीटरच्या आत राहतं. इतक्या कमी वेळात उजेड पुरत नाही, म्हणून इन्फ्रारेड प्रकाशाचा झोत मारतात. रात्रीच्या चलानच्या फोटोत गाडी काळी आणि फक्त पाटी उजळलेली दिसते, ती यामुळे.

वाचण्यात चूक कुठे होते? आपल्या पाटीचा साचा ठरलेला आहे: दोन अक्षरं, दोन आकडे, मग मालिकेची अक्षरं, शेवटी चार आकडे. त्यामुळे इंग्रजी ‘बी’ आणि आठ यांतला गोंधळ जागेवरून सुटतो. पण शेवटच्या चार आकड्यांत तीनचा आठ झाला किंवा एकचा सात झाला तर साचा काही मदत करत नाही. तोही नंबर खराच असतो, फक्त दुसऱ्या कोणाचा. चिखल, वाकलेली पाटी, कडेचा स्क्रू, मराठी आकड्यांची हौशी पाटी (नियमाने इंग्रजी अक्षरं आणि आकडेच चालतात) ही नेहमीची कारणं.

खरा फरक इथेच आहे. मोजणाऱ्याने शंभरात पाच स्कूटर चुकवल्या तर सिग्नल एखाद-दोन सेकंदांनी हलेल. वाचणाऱ्याचा एक आकडा चुकला तर निरपराध माणसाच्या नावावर दंड पडतो. म्हणून वाचणाऱ्यावर कायद्याची बंधनं आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं कलम १३६-अ आलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ. त्यानुसार यंत्राला राज्याच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. कॅमेऱ्याआधी फलक हवा, नोटीस १५ दिवसांत जायला हवी, आणि तिच्यासोबत गुन्हा व पाटी दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण हवं. लाल दिवा तोडल्याच्या चलानात एकच फोटो पुरावा म्हणून अपुरा वाटतो. दिवा लाल असताना गाडी रेषेमागे, आणि तरीही पुढे गेलेली, असे दोन तरी हवेत.

कळंबोलीहून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये आलेली आयटीएमएस (इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टिम) यंत्रणा नंबर वाचणाऱ्याच्या जातीची. तिथे दोन कमानींमधल्या वेळेवरून सरासरी वेगही काढता येतो: १० किलोमीटर ५ मिनिटांत म्हणजे ताशी १२०. कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून मग सुसाट निघणं तिथे उपयोगाचं नाही.

एका कॅमेऱ्याकडून दोन्ही कामं करून घेऊ, असा मोह निविदेत दिसतो. रुंद नजरेत पाटी पुरेशी मोठी येत नाही, अरुंद नजरेत रांग मावत नाही. दोन्ही अर्धवट होतात.

तक्रार करायची तर हिरवा अपुरा पडतो, पादचाऱ्यांना वेळ नाही, दिवे बंद आहेत, यासाठी महापालिकेकडे लिहा आणि प्रत वाहतूक शाखेला द्या. चौक, दिशा, वार, वेळ आणि सलग पाच फेऱ्यांचे मोजलेले सेकंद लिहा. ‘फार वेळ लागतो’ यावर कोणी काही करू शकत नाही. चलान चुकीचं वाटलं तर महाट्रॅफिकच्या, म्हणजे राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या, ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून फोटो उघडा. आधी गाडीचा रंग, मॉडेल, मग पाटीचा एकेक आकडा, मग ठिकाण आणि वेळ तपासा. जुळत नसेल तर पैसे भरण्याआधी तिथेच तक्रार नोंदवा, आपल्या गाडीचा पाटीसकट फोटो जोडा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.