पातळ केल्यावर जोर धरणारं औषध

खरचटलं की तपकिरी औषध लावायचं आणि लगेच कापसानं पुसून पट्टी बांधायची, ही पद्धत घरोघरी दिसते. पण पुसलं की औषधही गेलं! पोव्हिडोन आयोडीनला, म्हणजे या तपकिरी औषधाला, निदान दोन मिनिटं द्यावीत. शस्त्रक्रियेआधी तर ते त्वचेवर आपोआप वाळू देतात.

जुनं टिंक्चर आयोडीन, म्हणजे अल्कोहोलात विरघळवलेलं आयोडीन, झोंबायचं, त्वचा भाजायचं. 1955 मध्ये फिलाडेल्फियात एच. ए. आणि एम. व्ही. शेलान्स्की यांनी आयोडीन पोव्हिडोन या लांबलचक साखळीच्या रेणूत अडकवलं. अमेरिकेत पर्ड्यू फ्रेडरिक कंपनीनं ते बीटाडीन नावानं विकलं; भारतात ते विन-मेडिकेअरचं.

खरी गंमत पुढे आहे. 10% द्रावणात उपलब्ध, म्हणजे वापरता येण्याजोगं, आयोडीन एकूण 1% असतं, पण जंतू मारतं ते फक्त सुटं आयोडीन, आणि ते असतं दशलक्षात जेमतेम एखाद-दोन भाग. बाकीचं ट्रायआयोडाइडच्या (तीन आयोडीन अणूंच्या आयनाच्या) रूपात साखळीला धरून बसलेलं असतं. पाणी घातलं की ही पकड सैल होते. शंभरपट पातळ केलेल्या द्रावणात सुटं आयोडीन उलट वाढतं, वीस भागांच्या आसपास जातं! त्याहून पातळ केलं की मात्र घसरतं. सुटं आयोडीन जंतूच्या पेशीत शिरून प्रथिनांतल्या गंधक-हायड्रोजन जोड्यांवर आणि स्निग्धाम्लांच्या दुहेरी बंधांवर एकदम हल्ला करतं. इतक्या आघाड्यांवर बचाव जमत नाही, म्हणून जंतूंमध्ये याला प्रतिकार क्वचितच दिसतो.

मग घरी पाणी घालावं का? नाही. पातळ द्रावणातला साठा तुटपुंजा असतो. पू आणि रक्त तो क्षणात संपवतात. दाट द्रावणात मात्र सुटं आयोडीन खर्च झालं की साखळी नवं सोडते. पण दाट द्रावणाच्याही मर्यादा आहेत. 1980 च्या सुमारास अमेरिकेत कारखान्यातून आलेल्या द्रावणातच स्यूडोमोनास नावाचे जंतू जिवंत सापडले होते.

शस्त्रक्रियेच्या वेळी द्रावण रुग्णाच्या पाठीखाली साचून राहिलं तर त्वचा भाजते. तान्ह्या बाळांत आणि मोठ्या भाजलेल्या जखमांत आयोडीन रक्तात उतरून थायरॉइडचं काम बिघडवू शकतं, तिथे डॉक्टरांना विचारूनच लावावं.

‘कोळंबीची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी’ हा समज निखालस चुकीचा आहे. ती ॲलर्जी कोळंबीतल्या प्रथिनाची असते.

तपकिरी रंग उडाला की आयोडीन संपलं असं धरा आणि पुन्हा लावा. कपड्यावरचा डाग घालवायला व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून ओता: आयोडीनचं रंगहीन आयोडाइड होतं. म्हणूनच जखमेवर मात्र ही दोन्ही एकत्र नकोत.