अल्बर्टची दोन स्मारके: मँचेस्टरचे आणि लंडनचे

‘अल्बर्ट मेमोरियल’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधले, सोन्याने झळाळणारे स्मारक उभे राहते. त्यामुळे मँचेस्टरच्या अल्बर्ट स्क्वेअरमध्ये, तिथल्या टाउन हॉलसमोर त्याच नावाचे आणि बऱ्याच अंशी त्याच घडणीचे दुसरे स्मारक पाहिले, की ही लंडनच्या स्मारकाची लहानशी नक्कल असावी, अशी समजूत सहज होते. दोन्हीकडे राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचा पुतळा आहे, दोन्हीकडे त्या पुतळ्यावर गॉथिक शैलीतली, उंच निमुळत्या शिखराची मेघडंबरी आहे आणि दोन्हीकडे कला, विज्ञान, शेती, व्यापार यांना मानवी रूप देणाऱ्या मूर्ती आहेत. छायाचित्रांखालच्या ओळींमध्ये या दोन स्मारकांची सरमिसळ होते, हे त्यामुळे समजण्यासारखे आहे. परंतु मँचेस्टरने लंडनचे अनुकरण केले हा समज कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही, आणि तो दूर केल्याशिवाय मँचेस्टरच्या स्मारकाचे मोल कळत नाही.

अल्बर्ट यांचे निधन १४ डिसेंबर १८६१ रोजी विंडसर येथे, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी झाले. त्यानंतर ब्रिटनमधल्या गावोगावी त्यांच्या स्मारकांच्या योजना निघाल्या. मँचेस्टरला त्यासाठी स्वतःचे असे कारणही होते. १८५७ मध्ये शहराच्या ओल्ड ट्रॅफर्ड भागात ‘आर्ट ट्रेझर्स’ हे भव्य कलाप्रदर्शन भरले होते. सोळा हजारांहून अधिक कलाकृतींच्या त्या प्रदर्शनाला अल्बर्ट यांचा पाठिंबा होता आणि त्याचे उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले होते. गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या शहराला कलेचे यजमानपद मिळवून देणारा राजपुरुष, अशी त्यांची आठवण मँचेस्टरच्या मनात होती. शहराचे तत्कालीन महापौर थॉमस गोड्सबी यांनी मॅथ्यू नोबल या शिल्पकाराकडून अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा घडवून घेतला, आणि तो उघड्यावर ठेवण्याऐवजी त्याच्यावर मेघडंबरी उभारायचे ठरल्यावर ते काम थॉमस वर्दिंग्टन या मँचेस्टरच्याच वास्तुरचनाकाराकडे आले. वर्दिंग्टन यांचा आराखडा १८६२ मध्येच प्रसिद्ध झाला होता. लंडनच्या स्मारकासाठी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांची निवड झाली ती १८६३ मध्ये. मँचेस्टरचे काम १८६० च्या दशकातच पुरे झाले. लंडनचे स्मारक लोकांसाठी खुले व्हायला जुलै १८७२ उजाडला, आणि तेव्हाही मेघडंबरीखालची मुख्य जागा रिकामीच होती.

मग स्कॉट यांनी वर्दिंग्टन यांची कल्पना उचलली, असे म्हणावे काय? माझ्या मते तसा आरोप करण्याची गरज नाही. पुतळ्यावर टोकदार दगडी छत्र उभारण्याची कल्पना त्या दोघांपैकी कोणाचीच नव्हती. वर्दिंग्टन तरुणपणी इटलीत हिंडले होते आणि पिसा येथील सांता मारिया देल्ला स्पिना या छोट्या, नक्षीदार गॉथिक चर्चचा ठसा त्यांच्या आराखड्यावर पडला. स्कॉट यांच्यासमोर मध्ययुगातल्या मौल्यवान धातूंच्या अवशेषपेट्या आणि इंग्लंडमधले जुने ‘एलिनॉर क्रॉस’, म्हणजे राणी एलिनॉरच्या स्मरणार्थ उभारलेले नक्षीदार दगडी स्तंभ, होते. शिवाय एडिंबरोमध्ये सर वॉल्टर स्कॉट यांच्या पुतळ्यावर अशीच गगनचुंबी गॉथिक रचना १८४० च्या दशकातच उभी राहिलेली होती. दोघांनी एकाच जुन्या परंपरेतून आपापले घेतले, इतके म्हणणे न्याय्य ठरेल; परंतु दोहोंपैकी एकाला नक्कल म्हणायचेच असेल, तर ते दूषण मँचेस्टरच्या वाट्याला खात्रीने येत नाही.

दुसरा गैरसमज जागेविषयीचा आहे. आज पाहणाऱ्याला वाटते की भव्य टाउन हॉल आधी बांधला गेला, त्याच्यासमोर चौक झाला आणि चौकाला शोभा यावी म्हणून स्मारक बसवले गेले. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा आहे. स्मारकाला जागा हवी म्हणून तिथली दाटीवाटीची जुनी वस्ती हटवून चौक मोकळा करण्यात आला, त्या चौकाला अल्बर्ट यांचे नाव मिळाले, आणि आल्फ्रेड वॉटरहाउस यांच्या टाउन हॉलचे बांधकाम त्यानंतर, १८६८ ते १८७७ या काळात झाले. आजच्या मँचेस्टरचा नागरी मध्यबिंदू कुठे असावा, हे एका अर्थी या स्मारकाने ठरवले. पुढे त्याच चौकात बिशप जेम्स फ्रेझर, जॉन ब्राइट, ऑलिव्हर हेवूड आणि ग्लॅडस्टन यांचे पुतळे आले. लंडनच्या स्मारकाची गोष्ट वेगळी आहे. ते उद्यानाच्या कडेला, रॉयल अल्बर्ट हॉलच्या समोर, १८५१ चे जागतिक प्रदर्शन जिथे भरले होते त्या हाइड पार्कमधल्या जागेपासून जवळच उभे आहे. त्याच्याभोवती हिरवळ आणि झाडी आहे, रोजच्या व्यवहाराची वर्दळ नाही. तिथे मुद्दाम जावे लागते, तर मँचेस्टरचे स्मारक कामावर निघालेल्या माणसाच्या वाटेतच येते.

पैसा कुठून आला, हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लंडनच्या स्मारकावर सुमारे १,२०,००० पौंड खर्च झाले. त्यांतले ५०,००० पौंड पार्लमेंटने मंजूर केले होते आणि बाकीचा मोठा भाग देशभरातल्या वर्गणीतून आला होता. मँचेस्टरच्या स्मारकामागे राष्ट्राची तिजोरी नव्हती. महापौरांची देणगी आणि शहरातल्या लोकांची वर्गणी यांवर ते उभे राहिले. तेही कोणत्या काळात, हे लक्षात घेतले पाहिजे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरभोवतालच्या लँकेशर परगण्यातल्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि लाखो कामगार बेकार होऊन मदतनिधीवर जगू लागले. नेमक्या त्या कापूस-टंचाईच्या वर्षांत हे स्मारक आकाराला येत होते. उपासमार सोसूनही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या अखेरीस सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या अब्राहम लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले, आणि जानेवारी १८६३ मध्ये लिंकन यांनी त्यांचे आभार मानणारे उत्तर लिहिले. लिंकन यांचा पुतळा आज अल्बर्ट स्क्वेअरपासून चालत अगदी थोड्या अंतरावर, लिंकन स्क्वेअरमध्ये आहे. अल्बर्टच्या स्मारकाला भेट देणाऱ्याने तिथवर जरूर जावे, कारण हे दोन्ही पुतळे एकाच कठीण कालखंडाच्या दोन बाजू सांगतात.

आता मूर्तींकडे वळू. मँचेस्टरच्या मेघडंबरीवर कला, व्यापार, विज्ञान आणि शेती या चार मुख्य प्रतीकमूर्ती आहेत आणि प्रत्येकीच्या खाली चार-चार दुय्यम मूर्ती आहेत. कलेखाली चित्रकला, वास्तुकला, संगीत आणि शिल्पकला आहेत. विज्ञानाखाली रसायनशास्त्र, खगोलशास्त्र, यंत्रशास्त्र आणि गणित आहेत. शेतीखाली चार ऋतू आहेत. आणि व्यापाराखाली काय आहे? चार खंड. युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका यांना या शहराने व्यापाराच्या पदरात बसवले. जगभरातून कापूस आणायचा आणि जगभर कापड विकायचे, यावर ज्या शहराचे पोट चालते, त्याला जग याच क्रमाने दिसणार, आणि आपली ही दृष्टी त्याने दगडात प्रामाणिकपणे कोरून ठेवली आहे.

लंडनला हेच चार खंड पाहावेत. तिथे ते कोणाच्या खाली नाहीत. स्मारकाच्या चार बाह्य कोपऱ्यांवर त्यांचे स्वतंत्र, प्रचंड संगमरवरी समूह आहेत, आणि व्यापार, शेती, कारखानदारी व अभियांत्रिकी यांचे चार समूह त्यांच्या आतल्या बाजूला, चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर आहेत. आशियाचा समूह जॉन हेन्री फोली यांनी घडवला आहे. बसलेल्या हत्तीवर एक भारतीय स्त्री आपला पदर दूर सारते आहे आणि भोवती आशियातल्या वेगवेगळ्या देशांची माणसे आहेत. हत्तीच्या कातडीच्या सुरकुत्या आणि सोंडेचा बाक फोली यांनी विलक्षण समजुतीने उतरवले आहेत. मात्र ‘आपले सौंदर्य जगासमोर उघडे करणारा आशिया’ ही कल्पना साम्राज्याच्या नजरेतून आलेली आहे, हे भारतीय प्रेक्षकाला तिथे उभे राहिल्यावर जाणवतेच. चौथऱ्याभोवती कवी, संगीतकार, चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुरचनाकार अशा १६९ व्यक्तींची शिल्पपट्टी फिरते. एवढा विस्तार मँचेस्टरला नाही, आणि त्याची उणीवही तिथे भासत नाही.

मुख्य पुतळ्यांतला फरक थोडक्यात सांगता येतो, आणि छायाचित्र पाहून ओळखण्याची सर्वांत सोपी खूणही तीच आहे. मँचेस्टरचे अल्बर्ट उभे आहेत आणि पांढऱ्या संगमरवरात आहेत. लंडनचे अल्बर्ट बसलेले आहेत, सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझमध्ये आहेत आणि त्यांच्या हातात १८५१ च्या प्रदर्शनाची सूची आहे. लंडनच्या पुतळ्याला उशीर झाला त्याचे कारण असे, की आधी काम दिलेले कार्लो मारोकेत्ती १८६७ मध्ये वारले, त्यानंतर ते फोली यांच्याकडे आले, १८७४ मध्ये फोलीही वारले आणि शेवटी थॉमस ब्रॉक यांच्या देखरेखीखाली ते पुरे झाले. संपूर्ण स्मारकाची उंची सुमारे ५४ मीटर आहे. मँचेस्टरचे स्मारक त्यापेक्षा पुष्कळच लहान आहे.

दोन्ही स्मारकांनी दुर्लक्षाचे दिवसही पाहिले. मँचेस्टरमध्ये धूर आणि आम्लयुक्त हवेने दगड पोखरला गेला आणि १९७० च्या दशकात मोठी डागडुजी करावी लागली. लंडनमध्ये आतल्या लोखंडी सांगाड्यात पाणी शिरून तो गंजू लागला, आणि १९९० च्या दशकात अनेक वर्षे परांचीच्या आड राहिलेले ते स्मारक १९९८ मध्ये पुन्हा सोनेरी रूपात लोकांसमोर आले. पहिल्या महायुद्धात ‘झेपेलिन’ या जर्मन हवाई जहाजांना दिसू नये म्हणून पुतळा काळा केला होता, ही तिथली लोकप्रिय कथा आहे; परंतु जीर्णोद्धाराच्या वेळी झालेल्या अभ्यासाने तो काळा थर १९१४ च्याही आधीचा असावा आणि प्रदूषणाने मुलामा उडाल्यावर दिला गेला असावा, असे सुचवले. आज दोन्ही स्मारके संरक्षित वास्तूंच्या सर्वोच्च, म्हणजे पहिल्या श्रेणीत आहेत.

या दोन स्मारकांचे कर्ते मुंबईकरांना परके नाहीत. मँचेस्टरचा पुतळा घडवणाऱ्या मॅथ्यू नोबल यांनीच घडवलेला अल्बर्ट यांचा दुसरा संगमरवरी पुतळा भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहे. तो डेव्हिड ससून यांच्या देणगीतून आला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मुंबईला दिलेला राणी व्हिक्टोरियाचा पुतळाही नोबल यांचाच. १८७२ मध्ये तो एस्प्लनेडवर गॉथिक मेघडंबरीखाली बसवला गेला, १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले, आणि आता मेघडंबरीविना तो त्याच संग्रहालयाच्या आवारात आहे. लंडनच्या स्मारकाचे रचनाकार गिल्बर्ट स्कॉट यांनी भारतात कधी पाऊल न ठेवता मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचा आणि राजाबाई टॉवरचा आराखडा केला. टॉवरसाठी पैसे देणारे प्रेमचंद रायचंद कापसाच्या व्यापारातले बडे प्रस्थ होते, आणि अमेरिकेचा कापूस बंद पडल्यामुळे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हाच मुंबईत तो पैशाचा पूर लोटला होता. म्हणजे ज्या टंचाईत मँचेस्टरने वर्गणी काढून आपले स्मारक उभे केले, तीच टंचाई स्कॉट यांच्या मुंबईतल्या मनोऱ्याच्या पैशामागेही होती. त्या मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत, आणि ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवलेले आहेत.