कपाटातले जुने रनिंग शूज पुन्हा घालण्याआधी

आमच्या बूट-दुरुस्तीच्या काउंटरवर अधूनमधून एक खोका येतो. आत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा, जेमतेम दोन-चारदा घातलेला जोड, तोही कागदात नीट गुंडाळलेला. "नवाच आहे, टाचेपाशी थोडा सुटलाय, तेवढा चिकटवून द्या." आम्ही बूट आडवा धरतो आणि मिडसोलच्या, म्हणजे पाय आणि खालचं रबर यांच्यामधल्या जाड थराच्या कडेवर अंगठा दाबतो. कधी बोट सरळ आत जातं आणि पिवळसर भुगा काउंटरवर सांडतो. कधी उलटं होतं, अंगठा दुखतो पण थर तसूभरही दबत नाही. दोन्ही वेळा आमचं उत्तर एकच असतं: चिकटवून देऊ, पण यात धावू नका.

हे ऐकून माणूस नाराज होतो, आणि ते साहजिक आहे. न वापरलेली वस्तू टिकते असा आपला सर्वसाधारण अनुभव. बुटाच्या फोमला मात्र तो लागू पडत नाही. म्हणून हे माहितीपत्रक.

खोक्यात ठेवलेला बूट खराब कसा होतो?

भुगा होतो तो पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा. हवेतली वाफ या फोममध्ये शिरते आणि त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तोडते. याला हायड्रोलिसिस म्हणतात. दमट, उबदार जागी हे लवकर होतं. बूट पायात होता की कपाटात, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. वरून चामडं चकचकीत, लेस पांढरीशुभ्र आणि आतून थर कधीच संपलेला, असे जोड आम्ही बरेच पाहिलेत.

दगडासारखा होतो तो ईव्हीए नावाचा दुसरा फोम. त्याच्यात बंद बुडबुडे असतात आणि त्यांतल्या वायूमुळे तो मऊ लागतो. वर्षं गेली की वायू निसटतो, फोम आकसतो, कडक होतो. ईव्हीएचा भुगा होत नाही, म्हणून तो फसवतो. बूट धड दिसतो, घालून चार पावलं चालल्यावरही काही जाणवत नाही. कळतं ते तीन-चार किलोमीटर धावल्यावर, गुडघ्यात किंवा नडगीत. शिवाय तोवर गोंदही वाळलेला असतो. धावता धावता अख्खा सोल चपलेसारखा लोंबायला लागल्याचे किस्से गिऱ्हाईकच हसत हसत सांगतात.

पूर्वी लोक कशात धावत होते?

आजच्यासारखा फोम नव्हताच. कॅनव्हास किंवा चामडं, खाली रबराचा पातळ पत्रा, बस्स. या विषयावर गप्पा निघाल्या की इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याचं नाव येतंच. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉन अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकला. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण १९६४ला टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पोचला, तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत. हा अर्धा भाग कुणी सांगत नाही. ती तीन मिनिटं बुटांनी कमावली असा आमचा दावा नाही. एवढंच, की अनवाणी धावण्याचा पुरावा म्हणून बिकिलाला पुढे करायचं तर टोकियोही मोजावं लागेल.

सत्तरच्या दशकात बूट झपाट्याने बदलले. चामड्याच्या जागी नायलॉन आलं, त्यामुळे भिजलेला बूट जड व्हायचा थांबला. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी घरातल्या वॉफलच्या, म्हणजे चौकड्यांच्या केकच्या, साच्यात युरेथेन हे रबरासारखं घट्ट होणारं रसायन ओतलं. साचा कायमचा चिकटून बसला, पण त्यातून चौकोनी खुंट्यांचा सोल सुचला, हलका आणि जमीन धरणारा. दशकाच्या मध्यावर ईव्हीए फोम आला. आमच्या मते खरी क्रांती ती, कारण धावणाऱ्याच्या टाचेखाली पहिल्यांदाच हलकी गादी आली.

त्यानंतरची तीसेक वर्षं जाहिरातींचीच जास्त. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सोलमध्ये हवेच्या पिशव्या आल्या, १९८६ला जेल आलं, पुढे पारदर्शक खिडक्या आल्या. बहुतेक बुटांतला मुख्य फोम मात्र तोच ईव्हीए होता, कमी-जास्त घट्ट केलेला. ज्यांना हे वाचून राग येईल त्यांनी कापलेला एक जुना सोल आमच्याकडे बघायला यावं.

मग आता वेगळं काय आहे?

एका वाक्यात: पूर्वी हलका बूट म्हणजे पातळ बूट. आता जाड बूटही हलका असतो.

जुने शर्यतीचे बूट वजनाला काही वाईट नव्हते, पण त्यांत पायाखाली जवळपास काहीच नसायचं. एका बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की धावायला साधारण १ टक्का ऊर्जा जास्त लागते. त्यामुळे बूट बनवणाऱ्याला गादी आणि वजन यांतलं एकच निवडावं लागे. ही अडचण नव्या फोमांनी सोडवली. २०१३मध्ये टीपीयू या लवचिक प्लास्टिकचे फुगवलेले दाणे एकत्र दाबून केलेला मिडसोल आला. २०१७मध्ये पेबा नावाचा फोम आणि त्यात बसवलेली कार्बनची वाकडी पट्टी असलेला बूट विक्रीला आला. कोलोरॅडो विद्यापीठात मोजमाप झालं तेव्हा ईव्हीएचा शर्यतीचा बूट दाबताना घातलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ६६ टक्के परत देत होता, टीपीयूचा ७६, आणि पेबाचा ८७. धावणाऱ्यांची ऊर्जा सरासरी ४ टक्के वाचली. सरासरी, हे महत्त्वाचं. कुणाची जास्त, कुणाची कमी. सोल इतके फुगत गेले की २०२०मध्ये वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ४० मिलिमीटर जाडीची आणि एकाच पट्टीची मर्यादा घालावी लागली. २०२३मध्ये इथिओपियाच्या तिगिस्त असेफाने बर्लिनला २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांत महिलांची मॅरेथॉन जिंकली, तेव्हा तिच्या पायातला जाडजूड बूट भरला होता फक्त १३८ ग्रॅम.

या सगळ्याची किंमतही आहे, आणि दुरुस्ती करणारे म्हणून ती आम्हाला रोज दिसते. जुन्या बुटावर स्वेडचे, म्हणजे लवदार चामड्याचे, तुकडे दोऱ्याने शिवलेले असत. शिवण उसवली तर त्याच भोकांतून सुई घालून आम्ही पुन्हा टाके घालतो. नव्या बुटाचा वरचा भाग विणलेला किंवा उष्णतेने चिकटवलेला असतो. अंगठ्यापाशी भोक पडलं की आतून ठिगळ लावण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. खाली रबरही चवड्याला आणि टाचेला, कंजूषपणे लावलेलं.

तुम्ही काय घ्यावं?

रोजच्या धावण्याला साधा, आजच्या फोमचा बूट पुरतो. कार्बन पट्टीचा बूट शर्यतीला ठेवा. तो रोज घालणं म्हणजे लग्नातला शालू नेसून भांडी घासणं.

जुन्या मॉडेलची नवी आवृत्ती दुकानात दिसते, ती दिसायला झकास आणि फोमही ताजा. पण ती मुख्यतः मिरवायला केलेली असते. फिरायला खुशाल वापरा, लांब धावायला नको.

"आता पातळ सोलवरच धावणार" असं ठरवून कुणी आलं तर आम्ही अडवत नाही, फक्त घाई करू नका म्हणतो. २००९नंतर अनवाणी पद्धतीच्या पातळ बुटांची लाट आली होती, तेव्हा जाड टाचेवरून एका आठवड्यात उडी मारणाऱ्यांच्या पोटऱ्या धरल्या, काहींच्या चवड्याच्या हाडांना चिरा गेल्या. नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण १० मिलिमीटर उंच असते. ती उंची काढून घेतली की पोटरीचं काम वाढतं, आणि तिला सवय व्हायला महिने लागतात. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

पाय आत वळतो की बाहेर, यावरून बूट ठरवण्याची जुनी पद्धत आम्ही सोडली आहे. त्याने दुखापती कमी होतात असं पाहणीत दिसलेलं नाही. दोन-तीन जोड घालून थोडं धावून बघा. जो पायात आहे हे विसरायला होतं, तो घ्या.

नवा जोड घेतलात की जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने तारीख लिहा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोम थकतो, पण कमी धावणाऱ्याच्या बुटाचं वय आधी होतं आणि ते तारखेशिवाय लक्षात राहत नाही.

जुना जोड आमच्याकडे आणताना

शोभेसाठी किंवा चालण्यासाठी आम्ही मिडसोल बदलून देतो, शिवणही घालतो. बूट धुऊन आणू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमट हवा कोंडते. कापडी पिशवी चालेल. आणि सोलमधून भुगा पडत असेल तर झाडून टाकू नका, तसाच पुडीत आणा. फोम कुठला होता ते त्यावरून कळतं, आणि जुना गोंद कसा काढायचा तेही.