पॉक्सो कायदा

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२. अठरा वर्षांखालील मुलामुलींवरील लैंगिक अत्याचारांसाठीचा भारताचा केंद्रीय कायदा. पोलीस ठाण्यापासून वर्तमानपत्रांपर्यंत तो इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आलेल्या ‘पॉक्सो’ याच नावाने ओळखला जातो. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, तो अमलात आला.

त्याआधी असे खटले भारतीय दंडसंहितेच्या बलात्कार, विनयभंग अशा कलमांखाली चालत. ही कलमे स्त्रियांपुरती असल्याने मुलग्यांच्या बाबतीत ‘अनैसर्गिक’ संभोगाचे कलम ३७७ सोडले तर हाती फारसे काही नव्हते. गोव्याने मात्र २००३ मध्येच स्वतःचा बालक कायदा केला होता. नातेवाइकांसोबत नोंद नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देऊ नये, असे त्यात आहे. पर्यटनाच्या आडून चालणाऱ्या शोषणाचा अनुभव या कलमामागे दिसतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ मधील पाहणीत तेरा राज्यांतील निम्म्याहून अधिक (५३.२२ टक्के) मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते.

पॉक्सोत मुलगा-मुलगी असा भेद नाही. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श, मुलाला करायला लावलेला स्पर्श, अश्लील चित्रे दाखवणे, अश्लील चित्रणासाठी मुलांचा वापर हे सारे गुन्हे आहेत. गुन्हेगार पोलीस, शिक्षक, रुग्णालयातील कर्मचारी किंवा घरातलाच नातेवाईक असेल, तर गुन्हा अधिक गंभीर ठरतो. कपड्यांवरून केलेल्या स्पर्शाला लैंगिक हल्ल्याचे कलम ७ लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटले. त्यावर गदारोळ झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला : त्वचेला त्वचा लागली का हे नव्हे, तर हेतू पाहायचा.

या कायद्याचे खरे वेगळेपण कलम १९ मध्ये आहे. अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. गप्प राहणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तर हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘घरची गोष्ट घरातच मिटवू’ या सवयीलाच हे कलम हात घालते. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात माहिती दडवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. विशेष न्यायालयात वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नाहीत. ते न्यायाधीशांमार्फत जातात. साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, याची काळजी घ्यावी लागते. मुलाची ओळख छापणे हाही गुन्हाच. खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, अशी अपेक्षा आहे. त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द बऱ्याच प्रकरणांत लांबत जातो.

२०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढल्या आणि सर्वांत गंभीर गुन्ह्यासाठी मृत्युदंडाची तरतूद आली. वाद मुख्यतः वयाचा आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचे परस्परसंमतीचे संबंधही या कायद्याने गुन्हाच ठरतात आणि मुलीच्या घरच्यांनी फिर्याद दिली की मुलगा तुरुंगात जातो. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात संमतीचे वय अठराच ठेवावे, मात्र अशा प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायालयाला मोकळीक द्यावी, असे सुचवले.