शेवटची भिशी कोण उचलतं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या, वसुलीच्या जाचाविरुद्ध वटहुकूम काढला, तेव्हा आमच्या बेळगावात कट्ट्याकट्ट्यावर एकच शेरा ऐकू यायचा : "एवढी कर्जं काढलीच कशाला?" मोबाइल हप्त्यावर, मिक्सर हप्त्यावर, पोराचं बारसंही हप्त्यावर. हल्ली कुणाला दम म्हणून धरवत नाही, असा एकूण सूर. दम धरण्याची गोष्ट मात्र या शेऱ्याहून बरीच जुनी आहे, आणि इतकी सरळही नाही.

कठोपनिषदात यम नचिकेत्यापुढे हत्ती, घोडे, सोनं, मागशील तेवढं आयुष्य असं सगळं मांडतो आणि पोरगा नको म्हणतो. श्रेयस आणि प्रेयस, म्हणजे हिताचं आणि आवडीचं, ही जोडी तिथली. गीतेचा अठरावा अध्याय तेच जिभेच्या भाषेत सांगतो : आधी विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं लागतं ते सात्त्विक सुख, त्याच्या उलट ते राजस. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी ते मराठीत आणलं, आणि बेळगाव तालुक्यातल्या गावोगावच्या पारायणांत ते आजही वाचलं जातं. अठरावा अध्याय येतो शेवटच्या दिवशी. तोवर मांडवामागच्या चुलाणावरून महाप्रसादाच्या आमटीचा वास सुटलेला असतो आणि निम्म्या वाचकांचं लक्ष ओव्यांवरून उडालेलं असतं. मी त्या निम्म्यांतलाच.

पण वाट बघण्याला रोकडा भाव असतो हे मला ग्रंथाने नव्हे, वडगावातल्या मावशीच्या भिशीने शिकवलं. विणकरांची गल्ली, वीस बायका, महिन्याला पाचशे. म्हणजे दर महिन्याला दहा हजार गोळा. ज्या बाईला नड असेल ती बोली लावायची. कुणी दोन हजार सोडायला तयार झाली की तिला आठ हजार मिळायचे आणि सोडलेले दोन हजार वीस जणींत वाटले जायचे, शंभर-शंभर. त्या महिन्याला पाचशेऐवजी चारशेच भरायचे. शेवटच्या बाईला मात्र पुरे दहा हजार मिळायचे, आणि तोवर तिने भरलेले असायचे त्याहून कमी. "गडबड कशाला करूलालीस? शेवटची घे की," मावशी नव्या सुनांना सांगायची. आज हवं असण्याची किंमत आणि थांबण्याचा मोबदला, दोन्ही एकाच वहीत, एकाच पानावर.

मानसशास्त्राने हे मोजायला घेतलं ते १९५०च्या दशकात. वॉल्टर मिशेल यांनी त्रिनिदादमध्ये शाळकरी पोरांना विचारलं : छोटी गोळी आत्ता, की मोठी आठवड्याने? पुढे स्टॅनफर्डमधला त्यांचा मार्शमेलो या मऊ गोड गोळीचा प्रयोग जगभर गाजला. समोर एक आहे, थांबलास तर दोन. (बेळगावात केला असता तर बशीत कुंदा ठेवावा लागला असता, आणि निकाल बहुधा मिनिटाभरात लागला असता.) थांबणारी पोरं पुढे अभ्यासात सरस निघाली, म्हणून संयमाचा मोठा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये सुमारे नऊशे मुलांची माहिती तपासली, घरची परिस्थिती हिशेबात धरली, तेव्हा तो फरक बराच खाली आला.

मला जास्त पटतो तो २०१३ साली प्रसिद्ध झालेला रोचेस्टर विद्यापीठातला छोटासा प्रयोग. मुलं फक्त २८. आधी प्रत्येकाला चांगले खडू आणून देतो असा शब्द दिला. निम्म्यांना ते मिळाले, निम्म्यांना नुसतं "सॉरी, संपले". मग मार्शमेलो पुढे ठेवला. ज्यांच्याबाबत शब्द पाळला होता ती सरासरी बारा मिनिटं थांबली, फसलेली तीन.

निपाणीच्या तंबाखू पिकवणाऱ्यांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नसती. माल घरात ठेवून भाव चढायची वाट बघावी, तर आधीच घेतलेली उचल डोक्यावर. माल व्यापाऱ्याच्या वखारीत जायचा, भाव तो ठरवायचा आणि पैसे तुकड्यातुकड्याने यायचे. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले आणि तीन आठवडे हलले नाहीत. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. या माणसांना दम नव्हता असं कोण म्हणेल?

नंतर १९९२ मध्ये नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, २०००-०१ मध्ये कर्नाटकात बायकांच्या बचत गटांची स्त्री शक्ती योजना आली. आमच्याकडे सगळ्यांना 'संघ'च म्हणतात. तिथे क्रम ठरलेला : आधी बचत, मग कर्ज. मायक्रोफायनान्सने हा क्रम उलटा केला. कर्ज पहिल्या दिवशी दारात, आणि एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांनी भरायचा. शेजारणींचा जो भरवसा भिशीत थांबायला बळ द्यायचा, तोच इथे तारण झाला.

मावशीच्या गल्लीतही एकदा भिशी बुडाली. वही सांभाळणारी बाई चौदाव्या महिन्यात घराला कुलूप लावून गेली. शेवटच्या नंबरासाठी थांबलेल्या सहा जणींत मावशी होती. दोन वर्षांनी भिशी पुन्हा सुरू झाली, वही दुसरीकडे गेली, बायका बऱ्याचशा त्याच. पहिल्याच महिन्यात सात जणींनी बोली लावली. सगळ्यांत मोठी बोली मावशीची होती.