एअर फिल्टर (मोटारगाडीच्या इंजिनाचा) : तपासणी व बदल

इंजिनात शिरणाऱ्या हवेतील धूळ अडवणाऱ्या गाळणीला एअर फिल्टर म्हणतात. आजच्या बहुतेक गाड्यांत तो घड्या घातलेल्या खास कागदाचा असतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे जवळजवळ ९,००० लिटर हवा इंजिन ओढून घेते. तिच्यासोबत आलेले क्वार्ट्झचे कठीण कण पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरच्या भिंती घासतात. परिणामी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टनने निर्माण होणारा दाब) घटते आणि इंजिन ऑइल जळू लागते.

इंजिन बंद करून थंड झाल्यावर बोनेट उघडावे. फिल्टर बहुधा काळ्या प्लास्टिकच्या पेटीत, क्लिपांनी किंवा स्क्रूंनी बसवलेल्या झाकणाखाली असतो. झाकणालगत हवामापक सेन्सर असल्यास त्याच्या वायरीला ताण देऊ नये. फिल्टरचा नुसता रंग पाहून निर्णय घेणे चुकीचे आहे, कारण घड्यांवर बसलेला धुळीचा पातळ थर गाळण्याची क्षमता उलट वाढवतो. घड्या धुळीने बुजल्या असतील, कागद फाटला असेल, भिजला असेल किंवा त्यावर तेल आले असेल, तर मात्र फिल्टर बदलावा.

खरे लक्ष द्यायचे ते फिल्टरच्या कडेच्या मऊ, रबरासारख्या काठाकडे. पेटीच्या इंजिनाकडील बाजूस धूळ दिसली, किंवा काठावरून आत गेलेली धुळीची रेघ आढळली, तर हवा न गाळता जात आहे असे समजावे. असा फिल्टर वरून पांढरा दिसत असला तरी निरुपयोगी होय. म्हणूनच नवा फिल्टर बसवण्यापूर्वी पेटीतला पालापाचोळा काढून तळ ओलसर फडक्याने पुसावा, कचरा इंजिनाकडील पाइपात पडू देऊ नये आणि काठ खाचेत सर्व बाजूंनी नीट बसल्यावरच क्लिपा लावाव्यात.

गॅरेजमध्ये फिल्टरला जोरात हवा मारण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्याने कागदाला बारीक छिद्रे पडू शकतात. हवा मारायचीच असेल तर कमी दाबाने आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे मारावी. कागदी फिल्टर धुऊ नये.

बदलाची मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. कच्च्या रस्त्यांवर किंवा खडी क्रशरच्या परिसरात रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर त्या मुदतीच्या बराच आधी तपासावा लागतो. तुंबलेल्या फिल्टरमुळे कार्बुरेटरच्या (हवा व पेट्रोल यांत्रिकपणे मिसळणाऱ्या भागाच्या) जुन्या गाड्या जास्त पेट्रोल खात. इंधन इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन फवाऱ्याने सोडणाऱ्या पेट्रोल गाड्यांत संगणक हवेनुसार इंधन बेतत असल्याने ॲव्हरेज फारसे घटत नाही, मात्र पिकअप कमी झालेला जाणवतो.