शेवाळाची धार काढताना

उघड्या तळ्यात वाढवलेल्या सूक्ष्म शेवाळाची एक किलो सुकी पूड हाती यायची असेल, तर साधारण दोन हजार लिटर पाणी उपसून, गाळून बाजूला काढावे लागते. डोळ्यांना हिरवेगार दिसणाऱ्या लिटरभर पाण्यात प्रत्यक्ष शेवाळ असते जेमतेम अर्धा ग्रॅम. बाकी सगळे पाणीच. एवढे करून मिळालेल्या पुडीतले तेल काढायचे, तर पेशी फोडावी लागते, म्हणजेच मारावी लागते, आणि पुढच्या तेलासाठी नव्या पेशी पहिल्यापासून वाढवाव्या लागतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून याच वाटेचा पाठपुरावा केला. शेवाळाचे तीन हजारांहून अधिक वाण गोळा झाले आणि न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे हजार चौरस मीटरची तळी बांधून चाचण्या झाल्या. नायट्रोजन तोडला की पेशी तेल साठवू लागते, हे तिथे पुन्हा पुन्हा दिसले. पण नायट्रोजन तोडला की पेशीची वाढही खुंटते, त्यामुळे टक्केवारी वाढली तरी एकूण तेल काही वाढेना. पुढे २००९ साली एक्झॉनमोबिलने शेवाळ-तेलासाठी साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली आणि पुढे या कामाचा निधी थांबवला.

याच काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत मूळचे ग्रीसचे असलेले अनास्तासिओस मेलिस एका निराळ्या प्रश्नामागे होते. त्यांच्या शोधनिबंधांची साखळी सलग वाचली, तर तो प्रश्न आपल्या भाषेत असा मांडता येईल: जनावर न कापता धार काढता येईल का? पेशीने इंधन पोटात साठवण्याऐवजी स्वतःहून बाहेर सोडले, तर गाळणे, सुकवणे आणि फोडणे हे तिन्ही खर्च एका फटक्यात वाचतात. हायड्रोजन हा असा बाहेर पडणारा पदार्थ आहे, आयसोप्रीनही आहे, आणि मेलिस यांची कारकीर्द या दोन्हींतून गेली.

सुरुवात मात्र इंधनापासून झालेली नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात पीटर होमान यांच्यासोबत सत्तरच्या दशकात त्यांनी केलेले काम हरितलवकातील दुसऱ्या प्रकाशप्रणालीवरचे, निव्वळ कुतूहलाचे होते. ही प्रणाली म्हणजे सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचा रेणू फोडणारे यंत्र. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन इथे सुटतो. पाणी फोडणे हे रासायनिकदृष्ट्या इतके दांडगाईचे काम आहे की, ते करता करता यंत्राचा गाभा, म्हणजे डी-१ नावाचे प्रथिन, सतत जळत राहते. भट्टीच्या आतले विटांचे अस्तर जसे वरचेवर बदलावे लागते, तसे पेशी हे प्रथिन कापून काढते आणि त्या जागी ताजे बसवते. ऊन कडक असेल तर हा बदल तासाभराच्या आत करावा लागतो. नासधूस आणि दुरुस्तीच्या या चक्राचा अभ्यास करण्यात मेलिस यांची बरीच वर्षे गेली. त्या वेळी कोणी त्यांना विचारले असते की याचा उपयोग काय, तर उत्तर देणे अवघड गेले असते.

आता हायड्रोजनची बाजू. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले हान्स गाफ्रॉन शिकागोत सीनडेस्मस या हिरव्या शेवाळावर काम करत होते. ऑक्सिजनविरहित अंधारात काही काळ ठेवलेले हे शेवाळ हायड्रोजन वायू वापरू शकते, हे त्यांनी १९३९ मध्ये आणि ते हायड्रोजन सोडूही शकते, हे १९४२ मध्ये जॅक रुबिन यांच्यासह दाखवले. प्रकाश पडताच वायूचे बुडबुडे येत, पण अल्पावधीतच थांबत. कारण साधे आणि निरुपाय करणारे होते. हायड्रोजन बनवणारे हायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनचा स्पर्श होताच निकामी होते. आणि प्रकाश मिळाला की शेवाळ पहिल्यांदा काय करत असेल, तर ऑक्सिजनच सोडते. पुढची जवळजवळ साठ वर्षे या सवतीभांडणावर तोडगा निघाला नाही. ऑक्सिजनला दाद न देणारे विकर शोधण्याचे प्रयत्न अनेकांनी केले.

मेलिस यांनी विकराला हातच लावला नाही. पाणी फोडणारे यंत्र दुरुस्तीवाचून चालू शकत नाही, हे त्यांना अनेक वर्षांच्या अभ्यासातून पाठ होते. दुरुस्तीसाठी नवे डी-१ प्रथिन हवे, त्या प्रथिनासाठी मेथिओनिन आणि सिस्टीन ही अमिनो आम्ले हवीत, आणि या दोन्हींत गंधक असते. म्हणजे गंधक तोडले की दुरुस्ती थांबेल, यंत्र हळूहळू मंदावेल, आणि ऑक्सिजन आटेल. पेशीचा श्वासोच्छ्वास मात्र चालूच राहील. नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरी या कोलोरॅडोतील संस्थेतल्या मारिया गिरार्डी, मायकेल सीबर्ट आणि इतर सहकाऱ्यांबरोबर केलेला हा प्रयोग जानेवारी २००० मध्ये 'प्लांट फिजिऑलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तो प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. क्लॅमिडोमोनस राइनहार्टी हे मातीत आढळणारे, दोन चाबकांसारख्या शेपट्यांनी पोहणारे एकपेशीय शेवाळ. लांबी मिलिमीटरचा शंभरावा भाग. नेहमीच्या पोषक द्रवात ते वाढवायचे, मग फिरवण्याच्या यंत्रात तळाशी बसवून, गंधकाचा अंश जाईपर्यंत धुऊन, गंधक सोडून बाकी सर्व क्षार असलेल्या द्रवात घालायचे. बाटली घट्ट बंद करून दिव्यांसमोर ठेवायची आणि बुचातून निघणारी नळी पाण्याने भरलेल्या पालथ्या मोजनळीत सोडायची. पहिला दिवस कंटाळवाणा जातो. बाहेरून काही घडताना दिसत नाही, पण आत पेशी पिठूळ साठा, म्हणजे स्टार्च, भराभर करत असतात आणि ऑक्सिजनचे उत्पादन उतरणीला लागलेले असते. सुमारे चोवीस तासांनी तयार होणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा श्वसनात खपणारा ऑक्सिजन जास्त होतो, बाटलीतला उरलासुरला ऑक्सिजन संपतो, आणि विकर जागे होते. मग मोजनळीत बुडबुडे चढू लागतात आणि पाण्याची पातळी खाली सरकते. गाफ्रॉन यांचे बुडबुडे अल्पावधीत थांबत. हे तीन-चार दिवस चालतात. त्यानंतर पेशी थकतात. त्यांना पुन्हा गंधक दिले की त्या सावरतात, नेहमीसारख्या हिरव्या होतात आणि पुढच्या फेरीला तयार होतात. धार काढून जनावर चरायला सोडण्यासारखाच हा प्रकार आहे.

आता व्यवहाराचा हिशेब. एक लिटर संवर्धन, म्हणजे शेवाळ वाढवलेला द्रव, ताशी सुमारे दोन ते अडीच मिलिलिटर वायू देते, म्हणजे चार दिवसांत दोनशे मिलिलिटरच्या आसपास. त्यातली ऊर्जा भरते साधारण दोन किलोज्यूल. एक कप चहाचे पाणी उकळायला सत्तेचाळीस किलोज्यूल लागतात. तेव्हा उष्णता जराही वाया जाऊ दिली नाही तरी एका कपासाठी पंचवीस लिटर शेवाळ चार दिवस राबवावे लागेल. वृत्तपत्रांनी त्या काळी तळ्यातल्या शेवाळावर चालणाऱ्या मोटारींची चित्रे रंगवली होती. मला त्या निबंधाचे मोल या आकड्यात दिसत नाही. साठ वर्षे अडलेले कुलूप किल्ली न बदलता, दाराच्या बिजागऱ्या सैल करून उघडले, यात दिसते.

उत्पादन इतके कमी का, याचे एक कारण मेलिस यांना शेवाळाच्या रंगातच सापडले. क्लॅमिडोमोनसच्या दोन्ही प्रकाशप्रणालींभोवती, म्हणजे पाणी फोडणारी दुसरी आणि तिच्या जोडीने चालणारी पहिली यांच्याभोवती, मिळून हरितद्रव्याचे पाचशे-सहाशे रेणू असू शकतात. डिश अँटेनासारखे ते प्रकाश गोळा करून मध्यभागी पोचवतात. यंत्र चालायला प्रत्यक्षात किमान रेणू लागतात दुसऱ्या प्रणालीला सदतीस आणि पहिलीला सुमारे पंचाण्णव. मग इतकी हाव कशासाठी? रानात ही हाव कामाची असते, कारण अंधुक उजेडात तगून राहायचे असते आणि शेजाऱ्याच्या तोंडचा प्रकाश आपण घेतला तर तो मागे पडतो. पण तळ्यात शेतीसारखे पीक घ्यायचे म्हटले की हीच सवय नडते. भर उन्हात वरच्या थरातल्या पेशी झेपेल त्यापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश ओढून घेतात, बराचसा उष्णतेच्या रूपात उधळून टाकतात, आणि खालच्या पेशी सावलीत उपाशी राहतात. पंगतीत पुढच्या पानांवर वाढप सांडून वाया जावे आणि शेवटच्या पानापर्यंत काही पोचूच नये, तसे.

म्हणून लहान अँटेनाचे शेवाळ हवे. क्लॅमिडोमोनसमध्ये यादृच्छिक जनुकबदल घडवून हजारो वसाहतींमधून फिकट हिरव्या तेवढ्या निवडण्याचे चिकाटीचे काम त्यांच्या प्रयोगशाळेत झाले, आणि त्यातून मिळालेल्या टीएलए-१ या वाणाचे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या अँटेना मूळ वाणाच्या मानाने साधारण निम्म्या होत्या. त्याच्या फिकट संवर्धनातून उजेड आरपार खोलवर जातो, आणि दाट वस्तीत एकंदर प्रकाशसंश्लेषण अधिक होते. निरोगी पीक गडद हिरवे असते, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत इथे उलटी पडते. हीच कल्पना पुढे तंबाखूच्या रोपांवर वापरली गेली, तेव्हा दाटीने लावलेल्या फिकट रोपांचे खोड आणि पाने मिळून सुमारे पंचवीस टक्के जास्त भरली.

दुसरी वाट आयसोप्रीनची. ओक, पॉपलर यांसारखी झाडे कडक उष्म्यात पानांचे रक्षण करण्यासाठी हा पाच कार्बनचा लहानसा रेणू हवेत सोडतात. रबराची साखळीही याच कड्यांची असते. तो ३४ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणजे मे महिन्यातल्या नागपुरात तो द्रवरूपात राहणारच नाही. शेवाळासारखाच प्रकाशावर जगणारा सिनेकोसिस्टिस हा नील-हरित जिवाणू तो बनवू शकत नाही, कारण शेवटच्या पायरीचे विकर त्याच्याकडे नाही. मेलिस यांच्या गटाने २०१० मध्ये ते विकर बनवणारे जनुक कुडझू वेलीवरून घेतले आणि या जिवाणूत बसवले. कुडझू ही आपल्याकडच्या विदारीकंदाच्या, म्हणजे भुईकोहळ्याच्या, प्रजातीतली वेल. जिवाणू आयसोप्रीन सोडू लागला. बंद बाटलीचा खालचा भाग संवर्धनाने आणि वरचा कार्बन डायऑक्साइडने भरायचा. जिवाणू वरचा वायू खात जातो आणि त्याची जागा आयसोप्रीनची वाफ घेते, जी ठरावीक वेळाने काढून घेता येते. पेशीला धक्का लागत नाही.

प्रमाण मात्र पुन्हा तेच. एक ग्रॅम सुक्या वजनाच्या पेशी दिवसाला सुमारे पन्नास मायक्रोग्रॅम आयसोप्रीन देत होत्या. किलोभर पेशींकडून दिवसाकाठी मिळणार पन्नास मिलिग्रॅम, गोळीच्या औषधाएवढे. याचे कारण असे की प्रकाशातून मिळवलेल्या कार्बनपैकी जेमतेम शेकडा पाच भाग पेशी या कुळातल्या पदार्थांकडे वळवते, बाकीचा साखर आणि इतर गरजांत जातो. शिवाय परके विकर पेशीत फारच थोडे तयार होते. दुसऱ्या अडचणीवर त्यांनी काढलेली युक्ती मोठी गमतीची आहे. नील-हरित जिवाणूचा निळा रंग ज्यामुळे येतो, ते फायकोसायनिन हे प्रथिन पेशीत विपुल असते. परके विकर त्या प्रथिनाच्या शेपटीला जोडून दिले, की पेशी आपले प्रथिन समजून त्याच्यासह विकरही मुबलक बनवते. लॅव्हेंडरच्या जनुकापासून बीटा-फेलँड्रीन हे सुगंधी तेल मिळवताना ही युक्ती वापरली गेली, आणि ते तेल पाण्यात विरघळत नसल्यामुळे दुधावरच्या सायीसारखे वर येऊन तरंगते.

यात आपल्या गावचाही एक धागा आहे. सिनेकोसिस्टिस फार सावकाश वाढतो, ही या क्षेत्रातल्या सर्वांचीच तक्रार असे. आयआयटी मुंबईतील प्रमोद वांगीकर यांच्या गटाने पवई तलावातून सिनेकोकोकस या दुसऱ्या नील-हरित जिवाणूचा एक वाण वेगळा केला, त्याचे वर्णन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर तो अडीच तासांच्या आत दुप्पट होतो. त्या तलावाकाठी जलपर्णीकडे पाहून नाके मुरडणाऱ्या आपल्यापैकी कोणाला हे सुचले असते, असे वाटत नाही.

मेलिस यांच्या गटाने २०२० मध्ये फायकोसायनिनच्या त्याच शेपटीला माणसाचे इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंशी लढताना शरीर बनवते ते प्रथिन, जोडले. इंधन लिटरच्या भावाने विकावे लागते आणि औषधी प्रथिन मिलिग्रॅमच्या, त्यामुळे कमी उत्पादनाचा प्रश्न इथे तितका बोचत नाही. इंटरफेरॉन मात्र वाफ होऊन उडत नाही की पाण्यावर तरंगतही नाही. ते पेशीच्या आत राहते, आणि ते मिळवायचे तर जिवाणू गाळावे लागतात आणि पेशी फोडावी लागते.